विधिमंडळ पक्षनेत्याची निवड व पक्षांतर्गत वाद

एकाच पक्षाच्या तिकिटावर विधिमंडळात निवडून आलेल्या सदस्यांचा गट म्हणजे त्या पक्षाचा विधिमंडळ पक्ष आणि त्याचा प्रमुख तो विधिमंडळ पक्षनेता. संसदेत त्यालाच संसदीय पक्षाचा नेता म्हणतात. विधानभवनाच्या आवारात आणि बातम्यांत ‘गटनेता’ हाच शब्द चालतो. बहुमतातल्या पक्षाचा नेता बहुतेक वेळा मुख्यमंत्री होतो. ही निवड म्हणजे खरे तर मुख्यमंत्रिपदाची निवड असते, आणि वादाचे मूळ तिथेच आहे.

राज्यघटनेत या निवडीची रीत कुठेही सांगितलेली नाही. मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतील, एवढेच अनुच्छेद १६४ म्हणतो. बैठक कोणी बोलवायची, मतदान गुप्त घ्यायचे की हात वर करून, हे सारे पक्षाच्या घटनेवर आणि त्याहून जास्त रिवाजावर सोडलेले आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट आणले आणि ‘विधिमंडळ पक्ष’ या संज्ञेची व्याख्या केली, पण नेता कसा निवडावा हे तिथेही आले नाही.

प्रत्यक्ष मतदानाने नेता निवडल्याची महाराष्ट्राच्या इतिहासातली सर्वांत गाजलेली लढत ऑक्टोबर १९५६ मधली. द्वैभाषिक मुंबई राज्य १ नोव्हेंबरला अस्तित्वात येणार होते. सौराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाड्याचे काँग्रेस आमदारही आता याच विधिमंडळ पक्षाचे मतदार होते. मोरारजी देसाई यांना नेतेपद हवे होते, पण बिनविरोध. भाऊसाहेब हिरे माघार घेईनात. तेव्हा मोरारजी बाजूला झाले आणि यशवंतराव चव्हाण उभे राहिले. चव्हाणांना ३३३ मते पडली, हिऱ्यांना १११. गुजरातचे पाठबळ चव्हाणांच्या मागे होते, त्यामुळे संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने पेटलेल्या मुलखात हा विजय मिरवण्यासारखा नव्हता; तरी नेता कोण, याबद्दल मोजणीनंतर शंका उरली नाही.

अशी मोजणी पुढे दुर्मीळ झाली, आणि त्याला कारण आहे. मते मोजली की जिंकणाऱ्याची ताकद कळते तशी हरणाऱ्याचीही कळते. १९ जानेवारी १९६६ रोजी काँग्रेस संसदीय पक्षात इंदिरा गांधींना ३५५ आणि मोरारजींना १६९ मते पडली. हरूनही मोरारजींच्या मागे एवढे खासदार आहेत हे आता कागदावर आले होते. १९६७ च्या निवडणुकीनंतर पुन्हा लढत नको म्हणून तडजोड झाली आणि मोरारजी उपपंतप्रधान झाले. तो आकडा टाळण्यासाठीच पक्षांना ‘एकमत’ प्रिय असते.

एकमत घडवण्याची काँग्रेसची ठरलेली पद्धत म्हणजे एका ओळीचा ठराव. निकालानंतर दिल्लीहून निरीक्षक येतात. आमदारांच्या बैठकीत एक जण ठराव मांडतो, दुसरा अनुमोदन देतो: नेता निवडीचे सर्वाधिकार पक्षाध्यक्षांना देण्यात येत आहेत. मग निरीक्षक आमदारांना एकेकटे गाठून मत विचारतात आणि अहवाल घेऊन परततात. मे २०२३ मध्ये कर्नाटकात १३५ जागा मिळाल्यावर सुशीलकुमार शिंदे, जितेंद्र सिंह आणि दीपक बाबरिया हे निरीक्षक होते. १४ मे रोजी ठराव झाला, तरी सिद्धरामय्या यांचे नाव जाहीर व्हायला १८ तारीख उजाडली. मधले दिवस डी. के. शिवकुमार यांची समजूत घालण्यात गेले आणि ते उपमुख्यमंत्री झाले. भाजपमध्ये निरीक्षक बहुधा नावच घेऊन येतात. डिसेंबर २०२३ मध्ये जयपूरला राजनाथ सिंह निरीक्षक असताना पहिल्यांदाच आमदार झालेल्या भजनलाल शर्मा यांच्या नावाचा प्रस्ताव मांडला तो माजी मुख्यमंत्री वसुंधरा राजे यांनी. इच्छुकालाच सूचक करणे ही जुनी युक्ती आहे, कारण नंतर नाराजी बोलून दाखवायला जागा राहत नाही.

एका ओळीचा ठरावसुद्धा फसतो, हे त्याच जयपुरात २५ सप्टेंबर २०२२ रोजी दिसले. काँग्रेसचे मुख्यमंत्री अशोक गेहलोत पक्षाध्यक्षपदाकडे जाणार आणि सचिन पायलट मुख्यमंत्री होणार, अशी हवा होती. मल्लिकार्जुन खर्गे आणि अजय माकन हे निरीक्षक मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानी आमदारांची वाट पाहत बसले. गेहलोत समर्थक आमदार मात्र शांती धारिवाल यांच्या घरी जमले आणि तिथून विधानसभाध्यक्ष सी. पी. जोशी यांच्याकडे राजीनामे द्यायला गेले. बैठक झालीच नाही. गेहलोत मुख्यमंत्रिपदी राहिले आणि पक्षाध्यक्ष झाले खर्गे.

कधी निवड बिनविरोध होते आणि भांडण त्यानंतर सुरू होते. १ डिसेंबर १९८९ रोजी जनता दलाच्या संसदीय पक्षाच्या बैठकीत देवीलाल यांची निवड मधू दंडवते यांनी जाहीर केली. देवीलाल उठले, आपण ‘ताऊ’च (वडीलधारे काका) बरे म्हणाले आणि विश्वनाथ प्रताप सिंह यांचे नाव पुढे केले. चंद्रशेखर बैठकीतून उठून गेले. वर्षभरात पक्ष फुटला आणि नोव्हेंबर १९९० मध्ये तेच पंतप्रधान झाले.

वाद विकोपाला गेला की नेता कोण हा प्रश्न मागे पडतो आणि आमदार कोणाकडे आहेत, त्यांच्या सह्या कोणाकडे आहेत, याला महत्त्व येते. ऑगस्ट १९९५ मध्ये हैदराबादच्या व्हॉइसरॉय हॉटेलात उतरलेल्या तेलुगू देसमच्या आमदारांच्या बळावर चंद्राबाबू नायडू यांनी सासरे एन. टी. रामाराव यांची जागा घेतली. फेब्रुवारी २०१७ मध्ये तमिळनाडूत अण्णा द्रमुकचे आमदार असेच कूवत्तूरच्या रिसॉर्टमध्ये ठेवलेले होते. महाराष्ट्रात २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटेच्या शपथविधीसाठी अजित पवारांनी गटनेता या नात्याने ५४ आमदारांच्या सह्यांची यादी राज्यपालांना दिली. सह्या बैठकीतल्या हजेरीच्या होत्या, पाठिंब्याच्या नव्हेत, असे राष्ट्रवादी काँग्रेसचे म्हणणे होते. पक्षाने त्यांना त्या पदावरून काढले आणि चौथ्या दिवशी सरकार पडले.

मुख्यमंत्री आणि गटनेता वेगळे असले की गुंता वाढतो. उद्धव ठाकरे विधान परिषदेचे सदस्य होते, विधानसभेतले गटनेते एकनाथ शिंदे. २१ जून २०२२ रोजी शिवसेनेने शिंदे यांना हटवून अजय चौधरींना नेमले. शिंदे गटाने उलट ठराव करून शिंदे हेच नेते आणि भरत गोगावले हे प्रतोद (सदस्यांना पक्षाचा आदेश बजावणारे) असल्याचे म्हटले. आधी उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी चौधरींना मान्यता दिली, तर ३ जुलैला नवे अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी शिंदे व गोगावले यांना.

११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने या प्रश्नावर निकाल दिला: प्रतोद आणि गटनेता नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही, म्हणून गोगावले यांना दिलेली मान्यता बेकायदा. आमदारांनी नेता निवडायचा ही संसदीय परंपरा, पण पक्षांतरबंदीच्या कायद्यात वजन संघटनेला, असा याचा अर्थ होतो. पक्षात फूट पडल्यावर मूळ पक्ष कोणता, हे ठरवण्याचे काम न्यायालयाने अध्यक्षांकडेच सोपवले. १० जानेवारी २०२४ रोजी नार्वेकर यांनी शिंदे गट हीच खरी शिवसेना ठरवली आणि गोगावले यांची नेमणूक पुन्हा वैध झाली. त्या निर्णयात निर्णायक ठरले ते विधिमंडळ पक्षातले बहुमत.