रात्री दोन वाजता ‘अजून एकच एपिसोड’

नाशिकला गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या मागच्या गल्ल्यांत कॉट बेसिसवर राहणारी मुलं बघा. कुणी कळवणचा, कुणी सुरगाण्याचा. मेसचं जेवण झालं की कानात इअरफोन जातात आणि ‘एकच एपिसोड बघतो’ म्हणता म्हणता दोन वाजतात. सकाळी प्रॅक्टिकलला डोळे तांबारलेले. घरचे याला आळस म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही.

मारिया ओव्हसियांकिना या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ साली दाखवून दिलं, की काम अर्ध्यावर तोडलं तर माणूस कुणी न सांगताही त्याकडे परत वळतो. गोष्टीचंही तसंच. कीर्तनकार ऐन रंगात आलेलं आख्यान थांबवून गजर धरतात, तेव्हा मंडपातून कोण उठतं? वेबसिरीजचा भाग नेमका असाच तुटतो. पूर्वी मग आठवडाभर वाट बघावी लागे. नेटफ्लिक्सने २०१२ मध्ये पुढचा भाग आपोआप सुरू करायची सोय, म्हणजे ऑटोप्ले, आणली आणि ‘आता पुरे’ म्हणायची ती जागाच गेली.

त्यात वयही भर घालतं. शरीराचं घड्याळ विशीच्या आसपास सगळ्यात उशिरा धावतं. लेक्चर मात्र सकाळचं सकाळीच.

बेल्जियममध्ये १८ ते २५ वयाच्या ४२३ जणांची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. सलग भाग बघणाऱ्यांची झोप निकृष्ट होती, थकवा जास्त होता. दुवा सापडला तो झोपण्याआधी जागं राहिलेल्या डोक्याचा. मोबाइल बंद होतो, पण कथेतली माणसं मनात बोलत राहतात. आणि दिवसभर शिकलेलं पक्कं होतं ते झोपेतच, म्हणून मला परीक्षेच्या आधीच्या रात्रींची जास्त काळजी वाटते.

मेलबर्नच्या विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोगही त्याच वर्षीचा. एकच मालिका काहींनी सलग पाहिली, काहींनी रोज एक भाग, काहींनी आठवड्याला एक. दुसऱ्या दिवशी सलगवाल्यांना सर्वांत जास्त आठवत होतं. १४० दिवसांनी त्यांचीच आठवण सर्वांत जास्त ओसरली होती. रात्रभर जागून केलेल्या अभ्यासाचा अनुभव असलेल्यांना हे ओळखीचं वाटेल.

मग थांबायचं कुठे? भागाच्या शेवटी तर नकोच, तिथे गाठ मुद्दाम मारलेली असते. पुढच्या भागाच्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत ती बहुतेक वेळा सुटते. तिथे बंद करा. नेटफ्लिक्सचा ऑटोप्लेही सेटिंगमधून बंद होतो, पण प्रत्येक प्रोफाइलला वेगळा. रूमवर चौघांत एकच खातं असेल, तर चौघांनीही करायला हवा.