शिशाच्या अणुकेंद्रात प्रोटॉनची धावपळ

हरभऱ्याच्या हंगामात अमळनेरच्या मार्केट यार्डात ट्रॅक्टरांची रांग वाढते, मापाडी मात्र तेवढेच राहतात. वजन व्हायला एक शेतकरी आणि एक मापाडी लागतो. दोन शेतकऱ्यांनी मिळून माप होत नाही. त्यामुळे माल जितका जास्त, तितकी मापाड्याची पळापळ जास्त.

न्यूट्रॉन जास्त असलेल्या अणुकेंद्रातही असंच घडतं. शिसं-208 मध्ये 82 प्रोटॉन आणि 126 न्यूट्रॉन असतात. त्यांतले साधारण 20 टक्के कण कोणत्याही क्षणी जोडीने, एकमेकांपासून जेमतेम 1 फेमटोमीटरवर सापडतात. 1 फेमटोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्या जवळिकीत दोघांचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) खूप वाढतो, आणि दिशा एकमेकांच्या विरुद्ध असतात. जोडी क्षणात जुळते, क्षणात सुटते.

या जोड्यांपैकी सुमारे 90 टक्के प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या असतात. कारण टेन्सर बल, म्हणजे अणुकेंद्रातल्या कणांमधल्या बलाचा फिरकीवर अवलंबून असणारा भाग. फिरकी म्हणजे कणाचा स्वतःभोवती फिरण्यासारखा अंगचा गुण. दोघांची फिरकी एकाच दिशेला असेल तेव्हा हे बल जोर धरतं. दोन न्यूट्रॉन इतके जवळ आले तर पाउलीच्या नियमामुळे (दोन सारखे कण एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत) त्यांची फिरकी बहुधा उलटसुलट ठेवावी लागते, आणि तिथे हे बल लागूच होत नाही.

आता हिशोब करू. समजा शिशात अशा 20 मिश्र जोड्या आहेत. 82 पैकी 20 म्हणजे 24 टक्के प्रोटॉन जोडीत. 126 पैकी 20 म्हणजे 16 टक्केच न्यूट्रॉन. जो अल्पसंख्य, तोच जास्त वेगात.

अमेरिकेतल्या जेफर्सन लॅब या अणुकेंद्र-संशोधन प्रयोगशाळेत हे मोजलं गेलं, निकाल 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. कार्बन, ॲल्युमिनियम, लोखंड आणि शिसं यांवर 5 गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन झोत सोडला. उडालेला इलेक्ट्रॉन आणि बाहेर फेकलेला कण, दोन्ही पकडायचे. इलेक्ट्रॉनने दिलेला संवेग वजा केला की कणाचा मूळचा संवेग कळतो. मूळ संवेग 300 मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति प्रकाशवेग (कणांच्या संवेगाचं एकक) याच्या वर गेला, तर तो कण जोडीतला असण्याची शक्यता दाट.

खरी कसोटी न्यूट्रॉन पकडण्यात आहे. त्याला विद्युतभार नाही, त्यामुळे तो वायूच्या शोधकात माग सोडत नाही. शिशाचे पत्रे आणि चमकणारं प्लास्टिक एकाआड एक रचलेल्या थरांत तो आदळला तरच दिसतो, आणि वेग काढायचा तो पोचायला लागलेल्या वेळेवरून. हे मोजमाप प्रोटॉनच्या मानाने धूसर. म्हणून तुलना न्याय्य व्हावी यासाठी प्रोटॉनची मापंही मुद्दाम तेवढीच धूसर केली. प्रयोगातला हा प्रामाणिकपणा निकालाइतकाच मोलाचा आहे. आणखी एक धोका असतो: बाहेर पडताना कण दुसऱ्या कणाला धडकला तर मूळ संवेगाचा हिशोबच चुकतो, म्हणून अशी धडक कमी होईल अशाच टकरी निवडाव्या लागतात.

निकाल स्पष्ट होता. न्यूट्रॉन वाढले तरी त्यांच्यातला वेगवान वाटा जवळपास तेवढाच राहिला, प्रोटॉनचा मात्र वाढत गेला.

न्यूट्रॉन ताऱ्यात याचं महत्त्व आहे. साधारण 24 किलोमीटर व्यासाच्या, म्हणजे जळगाव-भुसावळ अंतराएवढ्या गोळ्यात सूर्याच्या 1.4 पट वस्तुमान कोंबलेलं असतं आणि त्यात प्रोटॉन मोजकेच. तेच मोजके प्रोटॉन ताऱ्याचा दाब आणि थंड होण्याचा वेग बदलू शकतात. पण शिशाचं माप थेट ताऱ्याला लावणं घाईचं ठरेल: 2022 मध्ये ट्रिटियम आणि हेलियम-3 या तीन-तीन कणांच्या अणुकेंद्रांची एकमेकांशी तुलना केली, तेव्हा तिथे मिश्र जोड्यांचं वर्चस्व बरंच कमी आढळलं.