पाठ चोळावी की कूस बदलावी?

घरातील वृद्ध व्यक्ती अंथरुणाला खिळली की नातेवाईक, शेजारी आणि कधी कधी देखभालीसाठी ठेवलेल्या मावशीही एकच सल्ला देतात: रोज स्पिरिट लावून पाठ चोळा, वर पावडर टाका आणि कमरेखाली हवेची रबरी रिंग ठेवा, म्हणजे बेडसोर होणार नाहीत. हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो आणि तो केवळ घरगुतीही नाही. परिचारिकांच्या कित्येक पिढ्या ‘बॅक केअर’ या नावाखाली तो शिकल्या आहेत. पाठ पुसून कोरडी ठेवणे सोडले, तर त्यातील चोळणे, स्पिरिट आणि रिंग या तिन्ही गोष्टी पुराव्यापुढे टिकत नाहीत.

पुराव्याधिष्ठित शुश्रूषेचा विचार रूढ होण्याच्या बऱ्याच आधी या उपायांचा खरोखर उपयोग होतो का, हा प्रश्न एका परिचारिकेनेच विचारला होता. डोरीन नॉर्टन यांनी एक्स्टन-स्मिथ या वृद्धरोगतज्ज्ञांसह आणि आणखी एका सहकारी परिचारिकेसह केलेले संशोधन 1962 मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. वॉर्डात रुग्णांच्या कातडीला लावल्या जाणाऱ्या नाना प्रकारच्या द्रव्यांना काही आधार सापडला नाही. उपयोग दिसला तो रुग्णाची कूस नियमित बदलण्याचा. धोका आधीच ओळखता यावा म्हणून शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, चालणे-फिरणे, हालचालीची क्षमता आणि मलमूत्रावरील नियंत्रण अशा पाच बाबींना प्रत्येकी 1 ते 4 गुण देण्याची पद्धत त्यांनी आखली. बेरीज 14 किंवा त्याहून कमी आली तर रुग्ण धोक्यात आहे असे समजावे. तरीही ब्रिटनमधील काही रुग्णालयांत जखमेवर अंड्याचा पांढरा बलक लावून त्यावर ऑक्सिजनचा झोत सोडण्याची रीत पुढेही चालू राहिली. अंधश्रद्धेसाठी अंगारे-धुपारेच लागतात असे नाही. इस्त्री केलेल्या पांढऱ्या गणवेशातही ती सुखाने नांदते.

शय्याव्रण म्हणजेच बेडसोर होतो कसा, हे समजले की चोळण्यातील धोका आपोआप लक्षात येतो. शाळेत आपण शिकतो की केशवाहिन्यांतील रक्तातून पेशींना प्राणवायू मिळतो. 1930 मध्ये लँडिस या संशोधकाने निरोगी माणसांच्या नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांत अतिसूक्ष्म नळी घालून दाब मोजला. रोहिणीकडच्या टोकाला तो सरासरी 32 मिलिमीटर पारा इतका भरला. त्यावरून सोपा तर्क निघाला की बाहेरचा दाब याहून वाढला तर केशवाहिनी मिटते, पेशींची उपासमार होते आणि कातडी मरते. गाद्यांच्या विक्रेत्यांना तर हा आकडा फारच आवडला आणि ‘32 पेक्षा कमी दाब म्हणजे सुरक्षित’ अशी जाहिरात होऊ लागली. निरोगी माणसाच्या बोटावर मोजलेला आकडा पक्षाघात झालेल्या वृद्धाच्या माकडहाडाजवळ जसाच्या तसा कसा लागू होईल, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

या तर्कात आणखी मोठी अडचण आहे. हाता-पायाच्या शस्त्रक्रियेत पट्टा आवळून रक्तपुरवठा सुमारे दोन तास पूर्ण थांबवतात, तरी स्नायू मरत नाहीत. मग गादीवर पडलेल्या माणसाचे ऊतक त्याहून कमी अडथळ्यात का मरावे? नेदरलँड्समधील आइंडहोवन येथील संशोधकांनी उंदरांच्या पायावर याची तुलना केली. एका गटात फक्त रक्तपुरवठा तोडला, दुसऱ्यात स्नायूवर टोकदार दाब देऊन तो विकृत केला, आणि एमआरआयने आत पाहिले. दोन तासांच्या निव्वळ रक्तबंदीने झालेले बदल भरून आले. जिथे स्नायू खूप ताणला-दबला गेला होता, तिथे कायमची इजा दिसली. म्हणजे उपासमारीइतकाच, किंबहुना आधी, पेशीचा आकार बिघडणे हा मारक घटक आहे. पेशीचा आतला सांगाडा ताणला जातो, पटल झिरपू लागते, नको तितके कॅल्शियम आत शिरते आणि पेशी मरते. मेलेल्या पेशींभोवती दाह होऊन सूज येते, सुजेने आतला दाब वाढतो आणि शेजारच्या धडधाकट पेशीही चेपल्या जातात. पुढे दाब हटल्यावर परत धावणारे रक्त आपल्यासोबत घातक मुक्त मूलके निर्माण करते, तो वेगळाच मार.

हा ताण सर्वांत तीव्र असतो तो हाडाला लागून, म्हणजे त्रिकास्थी (कण्याच्या तळाशी, माकडहाडाच्या वर असलेले हाड), खुबा आणि टाच यांच्या आसपास. म्हणूनच साका धरलेल्या हापूसप्रमाणे वरची साल निर्दोष दिसत असताना आत नुकसान झालेले असू शकते. त्यात पलंगाचे डोके उंच केले की रुग्ण खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटून राहते, हाडांचा सांगाडा मात्र सरकतो आणि मधल्या थरांवर आडवा ताण येतो.

आता लाल झालेल्या जागी तळहाताने जोर देऊन चोळणे म्हणजे आधीच ताणलेल्या पेशींना आणखी आडवा ताण देणे होय. 1978 मध्ये डायसन यांनी मृत्यूनंतरच्या तपासणीत अशा चोळलेल्या भागांतील ऊतक विस्कटलेले असल्याचे नोंदवले. 2015 मध्ये उपलब्ध वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या पुनरावलोकनकारांनी मसाजने शय्याव्रण टळतात का हे तपासायचे ठरवले, तेव्हा निकषांत बसणारी एकही चाचणी त्यांना सापडली नाही. याचा अर्थ मसाज घातक असल्याचे चाचण्यांनी सिद्ध झाले असा नव्हे. मात्र लाभाचा पुरावा नसताना आणि हानीची यंत्रणा स्पष्ट असताना आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना जोराने चोळू नका असे सांगतात, हे योग्यच आहे. रिंगची कडा भोवतालचे ऊतक आवळते आणि मधल्या भागातून रक्ताचा परतीचा मार्ग अडवते. स्पिरिट कातडीचे तेल काढून तिला कोरडी व ठिसूळ करते.

राहिला प्रश्न कूस किती वेळाने बदलायची याचा. दर दोन तासांनी, हा नियम इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात 1944 पासून मणक्याच्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या लुडविग गुटमन यांनी कटाक्षाने पाळला आणि तो जगभर पसरला. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अमेरिका व कॅनडातील 27 शुश्रूषागृहांतील 942 वृद्धांची कूस यादृच्छिक विभागणीनुसार दर दोन, तीन किंवा चार तासांनी बदलली गेली. तीन आठवड्यांत एकूण 2 टक्के जणांना व्रण झाले आणि गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. हे वाचून ‘आता चारच तास’ असे ठरवण्याची घाई करू नये, कारण ते सर्व वृद्ध दाट फोमच्या गाद्यांवर झोपलेले होते आणि आपल्याकडे अनेक घरांत दबून कडक झालेली कापसाची गादी असते. तिच्यावर दोन तासांचाच नियम सांभाळलेला बरा.

डेव्हिड सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये पुराव्याधिष्ठित वैद्यकाची जी व्याख्या दिली, तिच्यात उत्तम संशोधनासोबत उपचारकाचा अनुभव आणि रुग्णाची इच्छा यांनाही स्थान आहे. अखेरच्या दिवसांत प्रत्येक वळण्यागणिक कळवळणारा रुग्ण ‘मला हलवू नका’ म्हणतो, तेव्हा वेळापत्रकाचा आग्रह धरणे ही पुराव्याची सेवा नव्हे.

आपल्याकडच्या शुश्रूषेसाठी एक बाब विशेष महत्त्वाची आहे. बोटाने दाबल्यावर पांढरी न पडणारी लाली ही पहिल्या पायरीची खूण गोऱ्या कातडीवर सहज दिसते. सावळ्या आणि काळ्या कातडीवर ती दिसतच नाही किंवा उशिरा कळते. त्यामुळे कूस बदलताना कंबर, खुबे आणि टाचा हाताने हलकेच चाचपाव्यात. तो भाग आजूबाजूच्या कातडीपेक्षा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागला, अथवा तिथे दुखत असल्याचे रुग्णाने सांगितले, तर वरून काहीही दिसत नसले तरी त्या कुशीवर झोपवणे थांबवावे. टाचेच्या बाबतीत पोटरीखाली उशी ठेवून टाच गादीपासून पूर्ण अधांतरी राहील असे पाहावे.