मृत्यूनंतरचे सहा तास आणि वॉर्डातली सिस्टर

मुंबईत अवयवदान म्हटलं की ट्रॅफिक अडवून धावणारी अँब्युलन्स आठवते. ते हृदय, यकृत बहुतेकदा मेंदूमृत रुग्णाचं असतं आणि असे रुग्ण मोजकेच. बाकीचे साध्या वॉर्डात हृदय बंद पडून जातात. त्यांचं मूत्रपिंड रक्तपुरवठा थांबताच बिघडू लागतं, पण डोळ्यांच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा आणि त्वचा सहा तासांपर्यंत घेता येतात. त्या पडद्यात रक्तवाहिन्याच नसतात. त्याला प्राणवायू बाहेरच्या हवेतून मिळतो, म्हणून तो तग धरतो.

हे सहा तास नेमके कोणाच्या हातात असतात? नाईट ड्युटीच्या सिस्टरच्या. म्हणून ऊतीदानाचं, म्हणजे डोळे, त्वचा अशा ऊतींच्या दानाचं, प्रशिक्षण आधी तिला द्यायला हवं असं मला वाटतं. शल्यविशारदांची पाळी नंतर.

त्यातलं हातांचं काम सोपं आहे. पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवायचा, डोकं उशीवर थोडं उंच करायचं, पंखा बंद करायचा आणि नेत्रपेढीला, त्वचापेढीला फोन लावायचा. एचआयव्ही, हिपॅटायटीस बी किंवा सी, रेबीज, जंतुदोष रक्तात पसरलेला असणं, यांपैकी काही केसपेपरवर असेल तर विषय तिथेच संपतो. चष्मा किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन आड येत नाही. पोस्टमॉर्टेम व्हायचं असेल तर पोलिसांना विचारावं लागतं, आणि घाईत नेमकं हेच राहून जातं.

अवघड आहे ते नातेवाइकांशी बोलणं. मृत्यूची बातमी आणि दानाचा प्रश्न एका दमात सांगू नये. आधी त्यांना रडू द्यावं. मग, ‘काका, आईंचे डोळे आणि त्वचा देता येईल, घरच्यांशी बोलून सांगा,’ इतकं पुरे. पुढचा प्रश्न बहुधा चेहरा बिघडेल का, असा येतो. त्वचा मांड्या, पाय आणि पाठीवरून घेतात, तीही वरचा पातळ थरच. नंतर पट्ट्या बांधून देतात. हे ज्या सिस्टरला ठाऊक आहे तिचा आवाज अडखळत नाही.

त्या त्वचेचं पुढे काय होतं, हेही तिला सांगता यावं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्वचापेढी आहे. ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये, थंड तापमानात ठेवलेली त्वचा पाच वर्षांपर्यंत टिकते आणि रक्तगट जुळवावा लागत नाही. भाजलेल्या रुग्णाच्या अंगावर ती कायमची रुजत नाही. दोन-तीन आठवड्यांत शरीर तिला नाकारतं. तेवढ्या काळात जखमेतून पाणी झिरपणं, जंतुसंसर्ग आणि वेदना मात्र आटोक्यात राहतात.

प्रसूतिगृहातल्या सिस्टरचा वाटा वेगळा, तिथे मृत्यूचा संबंधच नाही. वारेबरोबर येणारं गर्भावरण, म्हणजे बाळाभोवतीचा पातळ पडदा, एरवी कचऱ्यात जातं. आईची संमती आणि रक्ततपासणी झाली, की तेच वाळवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून जखमेवरची पट्टी बनतं. टाटा मेमोरियलची ऊतीपेढी १९८८ पासून हेच करते आहे.