राष्ट्रीय बँक नोटा (अमेरिका) : ओळख व मूल्य

अमेरिकेत १८६३ ते १९३५ या काळात हजारो गावांतल्या बँकांनी स्वतःच्या नावाने काढलेल्या कागदी नोटा. यादवी युद्धात सरकारला कर्जरोखे खपवायचे होते आणि राज्या-राज्यांतल्या बँकांच्या नोटांचा गोंधळही आवरायचा होता. १८६३ च्या कायद्याने दोन्हींची सोय लावली. बँकेने रोखे केंद्रीय खजिन्यात तारण ठेवायचे आणि त्यांच्या ९० टक्क्यांपर्यंत, १९०० पासून पूर्ण किमतीइतक्या, नोटा घ्यायच्या. सर्वांचा आराखडा समान, फक्त बँकेचे व गावाचे नाव वेगळे.

ओळखताना प्रथम चार्टर नंबर, म्हणजे बँकेला मिळालेल्या सनदेचा क्रमांक, पाहावा. पहिला क्रमांक फिलाडेल्फियाच्या फर्स्ट नॅशनल बँकेचा. १८७४ च्या कायद्यानंतर तो नोटेवर छापणे सक्तीचे झाले, त्यामुळे सुरुवातीच्या अनेक नोटांवर तो नसतो. नवख्याची फसगत बहुधा तारखेवरून होते. नोटेवरची तारीख छपाईची नसून बँकेच्या सनदेशी निगडित असते. छपाईचा काळ ठरवायला मालिका, खजिन्याच्या शिक्क्याचा रंग आणि मागची बाजू पाहावी लागते. १८८२ च्या मालिकेतील पहिल्या प्रकाराची पाठ तपकिरी असते. १९०२ च्या मालिकेत आधी लाल शिक्का, १९०८ पासून निळा. निळ्या शिक्क्याच्या नोटांपैकी आधीच्या प्रकारात पाठीवर ‘१९०२-१९०८’ ही साले असतात, नंतरच्यात नसतात.

१९२९ च्या लहान आकाराच्या नोटांवर शिक्का तपकिरी असतो. पहिल्या प्रकारात चार्टर नंबर काळ्या शाईत असतो. १९३३ पासूनच्या दुसऱ्या प्रकारात तो अनुक्रमांकाशेजारी तपकिरी शाईतही येतो. १९२९ च्याच मालिकेतील फेडरल रिझर्व्ह बँकांच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकव्यवस्थेतील बँकांच्या, नोटांवरही तपकिरी शिक्का आणि ‘नॅशनल करन्सी’ हे शीर्षक आहे, पण चार्टर नंबर नाही. बाजारात त्या सर्रास राष्ट्रीय बँक नोटा म्हणून दाखवल्या जातात.

किंमत ठरते ती मुख्यतः बँकेवरून. न्यूयॉर्कच्या नॅशनल सिटी बँकेच्या नोटा विपुल आहेत. एखाद्या छोट्या, लवकर बुडालेल्या बँकेची फाटकी नोटही तिच्या दर्शनी किमतीच्या कितीतरी पट मोल मिळवते. एका बँकेच्या किती नोटा आज ज्ञात आहेत, याच्या संग्राहकांनी जमवलेल्या नोंदी म्हणूनच किंमतसूचीइतक्याच महत्त्वाच्या. अलास्का व हवाई येथील नोटांना वेगळी मागणी असते, कारण तेव्हा ती राज्ये नव्हे, टेरिटरी, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतले प्रदेश, होती. आडव्या मोठ्या २ च्या आकड्याची, ‘लेझी ड्यूस’ म्हणून ओळखली जाणारी २ डॉलरची नोट मात्र बँक कोणतीही असली तरी हवीहवीशी असते.

बँकेपाठोपाठ प्रत, म्हणजे नोटेची अवस्था, येते. घड्या, टाचणीची छिद्रे, छाटलेल्या कडा यांनी भाव उतरतो. जुन्या नोटांवर बँकेचे अध्यक्ष व कॅशियर शाईने सही करीत. ती पुसट झाली तरी गिरवू नये. धुतलेली, इस्त्री केलेली नोट वरवर चकचकीत दिसते, पण कागदावरचा मूळ उठाव सपाट झालेला असतो, आणि जाणकार तो तिरप्या उजेडात ओळखतो.