साठ अश्वशक्तीचा हंगाम

जानेवारीत फ्लोरिडातल्या सेब्रिंगच्या ट्रॅकवर पहाटेपासून पिकअप गाड्या येऊ लागतात. प्रत्येकीमागे ट्रेलर, ट्रेलरवर एक लांबुळकी, कमरेएवढीही उंच नसलेली, चारही चाकं उघडी असलेली गाडी. ती उतरवून घेणारी माणसं सोमवारी सकाळी आपापल्या नोकरीधंद्याला परत जाणार असतात. जिंकलं तरी घसघशीत बक्षीस वगैरे काही नाही. टायर स्वतःचे, पेट्रोल स्वतःचं, मोडलं तर दुरुस्तीही स्वतःच. वर्षभराच्या हौशी शर्यतींचा हंगाम इथून सुरू होतो आणि शरद ऋतूत राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या शर्यतीत संपतो.

या गाड्यांच्या वर्गाला फॉर्म्युला व्ही म्हणतात. इंजिन फोक्सवॅगन बीटलचं, 1200 सीसीचं, हवेवर थंड होणारं. गिअरबॉक्स, ब्रेक आणि पुढचं सस्पेन्शनही बीटलचंच. ताकद सुमारे साठ अश्वशक्ती, म्हणजे आपल्याकडच्या साध्या हॅचबॅकहूनही कमी. मला मोटारशर्यतीतलं भौतिकशास्त्र खऱ्या अर्थाने उमगलं ते याच गाड्यांमुळे. हजार अश्वशक्तीच्या गाडीत चुका ताकदीखाली झाकल्या जातात. साठ अश्वशक्तीत काहीच झाकलं जात नाही. हवा, टायर, वजन, उष्णता, सगळं आपापला हिशेब उघडपणे मागतं.

या वर्गाचा जन्म 1959 चा. फ्लोरिडातले फोक्सवॅगनचे विक्रेते ह्युबर्ट ब्रंडेज यांनी इटलीतल्या एन्रिको नार्दी यांच्याकडून बीटलचे भाग वापरून एक शर्यतीची गाडी बनवून घेतली. सामान्य माणसाच्या खिशाला झेपेल अशी, उघड्या चाकांची गाडी असावी, ही कल्पना. 1963 मध्ये स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेने या वर्गाला मान्यता दिली आणि तो जगभर पसरला. पुढे फॉर्म्युला वनचे विश्वविजेते झालेले एमर्सन फित्तिपाल्दी, निकी लाउडा आणि केके रॉसबर्ग हे तिघेही तरुणपणी या गाड्या चालवून गेले आहेत.

बीटलचं इंजिन मागच्या चाकांच्या आसाच्याही मागे असतं. शर्यतीच्या गाडीत ते आसाच्या पुढे, चालकाच्या पाठीशी हवं. म्हणजे जड भाग मध्यावर येतो आणि गाडी पटकन वळते. मग इंजिन आणि गिअरबॉक्स अख्खंच्या अख्खं उलटं फिरवून बसवतात. पण तसं नुसतं फिरवलं तर चाकंही उलटी फिरणार, आणि चार गिअर मागे जायचे, एक पुढे जायचा! त्यासाठी गिअरबॉक्स उघडून आतलं मोठं दातेरी चक्र एका बाजूचं काढून दुसऱ्या बाजूला लावतात. एवढ्यावर दिशा सुलटते. गॅरेजमध्ये वाढलेल्या कुणालाही ही युक्ती ऐकून आनंद व्हावा.

आता हवा. गाडीला होणारा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि तो रेटून पुढे जायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग फक्त 10 टक्के वाढवायचा तर शक्ती 33 टक्के जास्त लागते. साठ अश्वशक्तीच्या गाडीला 20 अश्वशक्ती आणखी हवी. ती कुठून आणणार? नियमांनी इंजिनाला हात बांधून ठेवले आहेत. शिवाय चाकं उघडी आहेत, आणि उघडं चाक हवेत फार वाईट वागतं. गाडी ताशी 180 किलोमीटरने जात असेल तेव्हा चाकाचा जमिनीला टेकलेला भाग क्षणभर स्थिर असतो आणि अगदी वरचा भाग ताशी 360 ने पुढे धावत असतो. समोरच्या हवेवर तो त्या वेगाने आदळतो आणि मागे नुसते भोवरे सोडतो. चार चाकं, चार भोवऱ्यांचे पट्टे.

पण या गबाळ्या भोवऱ्यांतूनच या शर्यतीची सगळी मजा निघते. पुढच्या गाडीने हवा फाडलेली असते; तिच्या मागे कमी दाबाचा आणि तिच्याच दिशेने ओढला जाणारा हवेचा पट्टा राहतो. मागची गाडी त्यात शिरली की तिला कमी विरोध होतो आणि तेवढ्याच ताकदीत ती जास्त वेग धरते. मुंबई-पुणे सायकल शर्यत पाहिलेल्यांना हे सांगायला नको. तिथेही सायकलपटू एकमेकांच्या मागे रांग धरतात, पुढचा थकला की मागचा पुढे येतो. गाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते: मागची गाडी अगदी चिकटून असेल तर पुढच्या गाडीमागची कमी दाबाची पोकळी थोडी भरून निघते, तिला मागे ओढणारा जोर कमी होतो. फायदा दोघींना. म्हणून दोन व्ही नाकाला शेपूट लावून पळाल्या तर एकट्या पळणाऱ्या तिसरीला सोडून निघून जातात. ज्याच्याशी शेवटच्या फेरीत भांडायचं त्याच्याशीच आधीच्या दहा फेऱ्या जुळवून घ्यायचं, हा या वर्गाचा रिवाज आहे. मला यात मोठं शहाणपण दिसतं, आणि ते कुणी शिकवलेलं नाही, हवेने शिकवलेलं आहे.

जानेवारी सरते, हंगाम उत्तरेकडे सरकतो आणि उन्हाळा येतो. आता गाड्या बदलल्यासारख्या वागू लागतात. समुद्रसपाटीला 10 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेचं वजन सुमारे 1.25 किलो असतं, 35 अंशांना ते 1.15 किलोवर येतं. आठ टक्के हवा गायब! इंजिन दर फेऱ्याला तेवढीच जागा भरून हवा ओढतं, पण त्या जागेत प्राणवायू कमी. ताकद घटते आणि वळणातून बाहेर पडताना गाडी आळशी वाटते. गंमत अशी की लांब सरळ रस्त्याच्या टोकाला तिचा वेग थंडीतल्या वेगाहून फारसा कमी भरत नाही, कारण हवा विरळ झाल्याने तिचा विरोधही आठ टक्क्यांनी कमी झालेला असतो. घेतलेलं एका हाताने, दिलेलं दुसऱ्या हाताने.

हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला मात्र ही हवा फसवते. हवेचं वजन घटतं त्या प्रमाणात तो पेट्रोल कमी करत नाही, त्यामुळे मिश्रण गरजेपेक्षा गडद होतं. मग ज्याच्या भोकातून पेट्रोल येतं तो जेट काढून आणखी बारीक भोकाचा बसवायचा. बजाजची स्कूटर स्वतः उघडून बसणाऱ्या पिढीला जेट म्हणजे काय ते ठाऊक आहे. इथे दुपारच्या शर्यतीआधी लोक थर्मामीटर आणि हवेचा दाब पाहून तो बदलतात.

माझ्या मते या गाडीतला सगळ्यात सुंदर प्रश्न तिच्या मागच्या चाकांचा आहे. बीटलमध्ये मागचे दोन अर्धे आस गिअरबॉक्सपाशी बिजागरीसारखे वरखाली हलतात आणि चाक त्यांच्या टोकाला घट्ट बसवलेलं असतं. त्यामुळे चाक वरखाली झालं की तिरकंही होतं. जोरात वळण घेतलं की बाहेरच्या टायरला रस्ता आतल्या बाजूला रेटतो. तो अर्धा आस मग जमिनीपासून गिअरबॉक्सला लावलेल्या तिरक्या टेकूसारखा काम करतो आणि गाडीचा मागचा भाग उचलतो. उचलला की चाक आणखी आत मुडपतं, टायर कडेवर येतो, पकड एकाएकी सुटते आणि शेपूट पुढे येतं. पूर्वीच्या बीटल चालवणाऱ्यांना भरधाव वळणावर याची भीती असायची.

उपाय करायचा, पण नियमाप्रमाणे हेच आस ठेवून. आधी टायरचा एक स्वभाव ध्यानात घ्यायला हवा. टायरवर दुप्पट वजन टाकलं तर त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. वळणात आतल्या टायरवरचं वजन बाहेरच्यावर जातं. बाहेरच्याने कमावलेली पकड आतल्याने गमावलेल्या पकडीपेक्षा कमी, म्हणून जोडीचा मिळून तोटाच होतो. तेव्हा मागच्या जोडीत वजनाची ही हलवाहलव जितकी कमी तितकं बरं.

व्हीवाल्यांनी काढलेली तोड तराजूसारखी आहे. तराजूची दांडी हवी तशी कलते, तिला कुणी अडवत नाही. पण दोन्ही पारड्यांचं मिळून वजन वरच्या एकाच कडीवर येतं. तसंच मागच्या दोन चाकांना मिळून एकच स्प्रिंग अशा जोडणीने लावतात, की दोन्ही चाकं एकदम वर आली तर ती दबते, आणि एक वर, एक खाली गेलं तर तिला पत्ताच लागत नाही. गाडी कलायला मागून विरोध शून्य. कलण्याला अडवण्याचं सगळं काम पुढच्या चाकांवर येतं, वजनाची हलवाहलवही बहुतेक तिथेच होते आणि मागचे टायर जवळजवळ सारखा भार वाटून घेतात. म्हणूनच वळणात व्हीचं पुढचं आतलं चाक पुष्कळदा जमीन सोडून हवेत दिसतं. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण चालक निर्धास्त असतो. मागची चाकं वरच्या बाजूने मुळातच आत झुकवलेली असतात, आणि ती ठरावीक हद्दीखाली लोंबू नयेत म्हणून अडवण असते. टेकू उभाच राहू द्यायचा नाही, म्हणजे गाडी उचलण्याचा प्रश्न येत नाही.

ब्रेक ड्रमचे. चालकासकट 465 किलोची गाडी 180 वरून 50 वर आणायची म्हणजे दीड लिटर गार पाण्याला उकळी फुटेल एवढी उष्णता काही सेकंदांत निर्माण होते, आणि हे प्रत्येक फेरीत अनेकदा. तापलेला ड्रम फुगून आतल्या ब्रेकशूपासून दूर जातो, पेडल खोल जाऊ लागतं. म्हणून जाणता चालक ब्रेक कमी वापरतो आणि वळणातला वेग टिकवतो. शिवाय साठ अश्वशक्तीत गमावलेला वेग परत मिळवायला फार अंतर लागतं.

आपल्याकडेही असा प्रयोग झाला आहे. कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस मारुती 800 चं इंजिन बसवून स्वस्त सिंगल सीटर गाड्या तयार केल्या, आणि फॉर्म्युला वनमध्ये उतरलेले पहिले भारतीय नारायण कार्तिकेयन यांची सुरुवात त्यांतूनच झाली. करिवर्धन 1995 मध्ये विमान अपघातात गेले. कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे त्यांच्या नावाने ओळखला जातो.

हंगामाची अखेर होते रनऑफ्समध्ये. 1964 पासून चालत आलेली ही राष्ट्रीय अजिंक्यपदाची शर्यत वेगवेगळ्या ट्रॅकवर होते. 2024 मध्ये ती विस्कॉन्सिनमधल्या रोड अमेरिका इथे झाली. साडेसहा किलोमीटरची फेरी, 14 वळणं आणि लांबच लांब सरळ रस्ते. शरद ऋतूतली सकाळ तिथे गारठ्याची असते. थंड रबर कडक असतं, खडबडीत डांबराच्या बारीक खाचांत ते शिरत नाही, म्हणून पहिली फेरी जपून काढावी लागते. त्यात टायर जितक्या वेळा तापून निवतो तितकं त्याचं रबर कडक होत जातं. हौशी माणूस तोच संच अनेक शर्यतींना पुरवतो, पण या एका शर्यतीसाठी कोरा संच राखून ठेवतो.

शेवटच्या फेरीत शेवटच्या वळणाशी जो पुढे असतो त्याची अवस्था मला नेहमी अवघड वाटते. तिथून अंतिम रेषेपर्यंत रस्ता चढाचा आणि लांब आहे. पुढचा एकटा हवा फाडतो. मागचा त्याच्या पट्ट्यात वेग साठवत येतो आणि रेषेआधी बाहेर पडून पुढे झेपावतो. फार लवकर बाहेर पडला तर त्यालाही हवा अडवते, आणि मागे पडलेला पुन्हा त्याच्या पट्ट्यात शिरतो. रेषेपासून नेमकं किती अंतरावर बाहेर पडायचं, हे त्या दिवशीचं तापमान, समोरचा वारा आणि त्या दोन गाड्यांवर ठरतं. चालकाने ते आधीच्या फेऱ्यांत दोन-तीनदा आजमावून पाहिलेलं असतं, तेही समोरच्याच्या लक्षात येऊ न देता.

झेंडा पडला की गाड्या सरळ वजनकाट्यावर जातात. चालक हेल्मेट, बूट, घामाने भिजलेला सूट यांसकट आत बसून असतो, टाकीत उरलेलं पेट्रोलही तसंच. काट्याने किमान 465 किलो दाखवले तरच निकाल लागतो. हलक्या चालकाने गाडीच्या तळाला शिशाचा ठोकळा बोल्टने आवळलेला असतो, शक्य तितका खाली. काट्यावरचा माणूस आकडा वहीत लिहितो आणि हात करून पुढच्या गाडीला बोलावतो.