खड्डा की उंचवटा? सोल्डरिंगसाठी स्टिरिओ मायक्रोस्कोप निवडताना

सोल्डरिंगसाठी मायक्रोस्कोप घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "किती एक्स?", म्हणजे किती पट मोठं दाखवतो? आकडा मोठा तितकं यंत्र भारी, असा सरळ हिशोब. मीही तसाच फसलो होतो. माझा पहिला मायक्रोस्कोप छोट्या पडद्याचा डिजिटल होता आणि डब्यावर चार आकडी 'एक्स' छापलेला होता. चित्र झकास यायचं. ०४०२ मापाचा रेझिस्टर, म्हणजे जेमतेम १ मिमी लांब आणि अर्धा मिमी रुंद कण, पडद्यावर विटेएवढा दिसायचा. मग सोल्डर, म्हणजे जोडणीचा धातू, वितळवणारं तापतं आयर्न हातात घेतलं. पडद्यावर बिट (आयर्नचं टोक) पॅडला, म्हणजे बोर्डावरच्या जोडणीच्या धातूच्या पट्टीला, टेकलेली दिसत होती, पण सोल्डर काही वितळेना. थोडं पुढे सरकवलं, थोडं दाबलं, आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. बिट पॅडला टेकलेलीच नव्हती. ती पॅडच्या चांगली तीन-चार मिमी वर हवेत होती आणि तिची कड शेजारच्या कनेक्टरला भाजत होती.

चित्र मोठं होतं, स्वच्छ होतं, पण सपाट होतं. त्यात खोली नव्हती. या कामासाठी मायक्रोस्कोप घेताना पैसे मोजायचे ते या खोलीसाठी, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

हात लांब करून अंगठा समोर धरा आणि मागच्या भिंतीकडे बघा. फक्त डावा डोळा उघडा ठेवला तर अंगठा भिंतीवर उजवीकडे सरकलेला दिसतो, फक्त उजवा उघडा ठेवला तर डावीकडे. जवळची वस्तू दोन डोळ्यांना पार्श्वभूमीवर वेगवेगळ्या जागी दिसते. हा फरक मेंदू मोजतो आणि त्यातून अंतर काढतो. आज हे शाळेतल्या मुलालाही पटतं, पण चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १८३८ साली स्टिरिओस्कोपवरचा निबंध मांडेपर्यंत ते कुणी नीट सिद्ध केलेलं नव्हतं.

आता थोडं गणित. दोन डोळ्यांतलं अंतर साधारण ६४ मिमी. स्पष्ट दृष्टीचं लघुत्तम अंतर, पाठ्यपुस्तकातलं तेच २५ सेमी. या अंतरावरच्या वस्तूकडे बघताना दोन डोळ्यांच्या नजरांमध्ये साधारण १४ ते १५ अंशांचा कोन होतो. चांगली नजर २० विकलांएवढा (एका अंशात ३६०० विकला) कोनातला फरक ओळखते असं धरलं, तर २५ सेमीवर आपल्याला वरखालीतला साधारण ०.१ मिमीचा फरक कळतो. म्हणजे एका कागदाची जाडी. आता मधे १० पट विशालनाचा स्टिरिओ मायक्रोस्कोप आणा, म्हणजे दोन डोळ्यांना दोन वेगळ्या कोनांतून चित्र देणारा. त्याच्या दोन नळ्यांमधला कोन १० ते १५ अंशांच्या घरात असतो, म्हणजे डोळ्यांच्या नैसर्गिक कोनाच्या आसपासच. कोन तोच आणि चित्र दहापट, म्हणून ओळखता येणारा फरक ०.०१ मिमीपर्यंत उतरतो. आयसीचा (चिपचा) एखादा पाय पॅडपासून ०.०५ मिमी उचललेला असेल तर नुसत्या डोळ्याला तो टेकलेलाच वाटतो. १० एक्सखाली तो चक्क अधांतरी दिसतो. एका डोळ्यानं १०० एक्सखाली बघितलात तरी ही वरखाली अशी दिसणार नाही.

आता माझा आवडता भाग. इथे जरा सावकाश वाचा, कारण मलाही पहिल्या झटक्यात कळला नव्हता.

साधा संयुक्त सूक्ष्मदर्शी प्रतिमा उलटी देतो: वरचं खाली, डावं उजवीकडे. एका डोळ्यानं बघताना त्याचं फारसं बिघडत नाही, सवय होते. मग असे दोन सूक्ष्मदर्शी शेजारी जोडले, एकेका डोळ्याला एकेक, तर खोली दिसेल ना? सतराव्या शतकात शेरुबाँ द ऑर्लेआं या फ्रेंच कापुचिन साधूनं नेमकं हेच केलं. खोली दिसली, पण उलटी. उंचवट्याच्या जागी खड्डा आणि खड्ड्याच्या जागी उंचवटा.

असं का? पुन्हा अंगठ्याकडे या. जवळची वस्तू डाव्या डोळ्याला उजवीकडे सरकलेली दिसते आणि उजव्याला डावीकडे. मेंदूसाठी 'जवळ' याची खूण एवढीच. आता प्रत्येक डोळ्यासमोरचं चित्र जागच्या जागी अर्धा फेरा फिरवा. डाव्या डोळ्याच्या चित्रातलं उजवीकडचं सरकणं डावीकडचं झालं, उजव्यातलं डावीकडचं उजवीकडचं. ही तर बरोबर 'लांब' याची खूण! मेंदू बिचारा खुणेवर चालतो. त्यानं सोल्डरच्या टेकाडाची विहीर केली. लक्षात घ्या, दोन्ही चित्रं मिळून एकच मोठं चित्र म्हणून फिरवली असती, म्हणजे डावं-उजवंही अदलाबदल झालं असतं, तर काही बिघडलं नसतं. घोटाळा होतो तो दोन्ही चित्रं आपापल्या डोळ्यासमोरच राहून उलटी होण्यानं. व्हीटस्टननं पुढे १८५२ साली मुद्दाम खोली उलटी दाखवणारं उपकरणही मांडलं. त्याचं नाव स्यूडोस्कोप.

यावरचा उपाय म्हणजे प्रतिमा पुन्हा सुलट करणं. इटलीच्या इग्नात्सिओ पोरो यानं १८५४ मध्ये पेटंट घेतलेली प्रिझमची जोडी हे काम करते. प्रकाश चार वेळा परावर्तित होतो आणि चित्र सरळ होतं. दुर्बिणीच्या नळ्या मधेच मोडल्यासारख्या दिसतात त्या याच प्रिझममुळे. १८९०च्या दशकात होरेशिओ ग्रीनो या अमेरिकन जीवशास्त्रज्ञानं जर्मनीतल्या येनाच्या झाइस कंपनीपुढे एक कल्पना ठेवली: दोन तिरप्या नळ्या, दोन स्वतंत्र वस्तुभिंगं (वस्तूकडची भिंगं) आणि सुलट दिसणारी प्रतिमा. झाइसच्या झीगफ्रीड चाप्स्कीनं त्यात पोरोची प्रिझम बसवली. आज हौशी माणसाच्या टेबलावर जे यंत्र असतं ते बहुतेक वेळा याच घडणीचं असतं आणि त्याला आजही ग्रीनो पद्धतीचं म्हणतात. चिमटा उजवीकडे नेला तर तो उजवीकडेच जातो, खाली टेकवला तर खालीच टेकतो.

दुसऱ्या घडणीत खाली एकच मोठं सामाईक वस्तुभिंग असतं आणि दोन्ही डोळ्यांचे मार्ग त्याच्या दोन बाजूंनी वर जातात. मधे जोडभाग घालायला ती सोयीची. पण भिंगाच्या कडेचा वापर होत असल्यानं सपाट बोर्ड किंचित फुगीर दिसू शकतो, आणि ती महागही पडते. सोल्डरिंगसाठी ग्रीनो पुरेसा आहे, त्यावर फार डोकं शिणवू नका.

आता त्या 'एक्स'च्या बाजाराकडे. नेत्रिकेचं (डोळ्याकडच्या भिंगाचं) विशालन गुणिले वस्तुभिंगाचं विशालन, इतकं सरळ सूत्र आहे. नेत्रिका १० ची आणि झूम ०.७ ते ४.५, म्हणजे ७ ते ४५ एक्स. पडद्याच्या मायक्रोस्कोपवरचे हजार-दीड हजार मात्र पडद्याच्या आकाराला वस्तूच्या आकारानं भागून येतात. मोठा टीव्ही जोडा, तेच यंत्र आणखी 'शक्तिशाली' होईल! बारकावा किती दिसणार हे ठरतं भिंग प्रकाशाचा किती रुंद शंकू गोळा करतं त्यावर. त्या मापाला न्यूमेरिकल अपर्चर म्हणतात. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.५५ मायक्रॉन. अपर्चर ०.०५ असेल तर तरंगलांबी भागिले दुप्पट अपर्चर, म्हणजे साधारण साडेपाच मायक्रॉनपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दिसणारच नाहीत. कितीही ताणा. उपयुक्त विशालन अपर्चरच्या ५०० ते १००० पट, म्हणजे इथे २५ ते ५० एक्स. त्यापुढे नवा बारकावा येत नाही, असलेलाच धुरकट होऊन मोठा दिसतो. ही मर्यादा प्रकाशाचीच आहे, त्यामुळे डब्यावर काहीही छापलं तरी ती हलत नाही. आणि एवढं हवंय कुणाला? उद्योगात सोल्डर जॉइंट तपासण्यासाठी मानलं जाणारं आयपीसी-ए-६१० हे मानक ०.२५ मिमीपेक्षा अरुंद पॅडसाठीही २० एक्सच सांगतं, आणि वादाचा निवाडा करायचा झाला तर ४०.

प्रत्यक्ष काम त्याहून कमी विशालनात होतं. मी आयर्न हातात असताना ७-८ एक्सच्या वर क्वचितच जातो. विशालन वाढलं की दिसणारा भाग आक्रसतो. नेत्रिकेवर १०एक्स/२० असं लिहिलेलं असतं. त्यातल्या २० ला वस्तुभिंगाच्या विशालनानं भागा. ०.७ ला साधारण २९ मिमीचं वर्तुळ दिसतं, ४.५ ला साडेचार मिमीचं. साडेचार मिमीत आयर्न, चिमटा आणि सोल्डरची तार आणायची म्हणजे सुईच्या नेढ्यात संसार थाटणं.

याहून महत्त्वाचं म्हणजे भिंग आणि बोर्ड यांच्यातली मोकळी जागा. अशा यंत्रात ती साधारण १०० मिमी मिळते. आयर्न तिरपं धरलं की मूठ मायक्रोस्कोपला आपटते. म्हणून खाली ०.५ एक्सचं जोडभिंग लावतात. जागा १६०-१७० मिमीच्या आसपास जाते, विशालन निम्मं होऊन साडेतीन ते साडेबावीस उरतं आणि दिसणारं वर्तुळ दुप्पट होतं. फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात त्या द्रव्याचा, धूर मूळ भिंगावर बसण्याऐवजी या स्वस्तातल्या भिंगावर बसतो, हाही फायदा. एक किंमत मात्र मोजावी लागते आणि ती जाहिरातीत कुणी लिहीत नाही. दोन नळ्यांमधलं अंतर तेवढंच राहून वस्तू लांब गेली की कोन अरुंद होतो. म्हणजे त्याच विशालनाला खोली जरा बोथट होते. मला हा सौदा मान्य आहे, कारण मूठ अडकत असेल तर खोली काय चाटायची?

स्टँड जड हवा आणि आडव्या दांडीचा. खाली चौकोनी पाट असलेल्या स्टँडवर मोठा बोर्ड मावत नाही. टेबलाचा धक्काही तितक्याच पटीनं मोठा होतो, तेव्हा डुगडुगणारं टेबल आधी बदला.

काही यंत्रांना कॅमेऱ्यासाठी तिसरी नळी असते. तिच्यावर कॅमेरा लावायचा असेल तर एक गोष्ट जरूर विचारा: कॅमेरा चालू असताना दोन्ही डोळ्यांना चित्र मिळतं का? काही यंत्रांत खटका ओढला की एका डोळ्याचा प्रकाश कॅमेऱ्याकडे वळतो. मग तुम्ही एका डोळ्यावर आलात, आणि पुन्हा तेच जळकं प्लास्टिक.

प्रकाशासाठी भिंगाभोवती एलईडीची कडी मिळते. सोल्डर आरशासारखं चकाकतं, त्यामुळे प्रत्येक जॉइंटवर त्या दिव्यांची माळ उमटते आणि खालचा पृष्ठभाग दिसेनासा होतो. कडीवर पांढरा, अर्धपारदर्शक कागद लावून बघा, बराच फरक पडतो. शिवाय एका बाजूनं तिरपा दिवा असावा. सावली पडली की तडा उठून दिसतो.

आता एक गैरसमज. "मायक्रोस्कोपनं डोळे जातात, नंबर वाढतो." नाही. फोकस नीट लावला तर प्रतिमा खूप लांब असल्यासारखी दिसते आणि डोळे सैलच असतात. डोकं दुखतं ते बहुधा दोन नळ्या एका पातळीत नसल्यामुळे. आपले डोळे आत-बाहेर सहज वळतात, पण एक वर आणि एक खाली असं त्यांना फारसं जमत नाही. मेंदू तरीही जुळवायचा प्रयत्न करत राहतो आणि अर्ध्या तासात कपाळ ठणकायला लागतं. घेताना तपासा. कागदावर बारीक ठिपका काढा, तो मधोमध आणा, मग एकेक डोळा आळीपाळीनं मिटा. ठिपका दोन्हींत एकाच उंचीवर हवा. झूम पूर्ण फिरवून पुन्हा बघा. तो वरखाली पळाला तर यंत्र परत द्या, एक्स कितीही असोत. आणि चष्मेवाल्यांनी चष्म्यासकट पूर्ण वर्तुळ दिसतं का ते आधी बघावं.

पहिल्यांदा २० एक्सखाली स्वतःचं काम बघितलं की माणूस हबकतो. शिसंविरहित सोल्डरचे जॉइंट तर खडबडीत, राखाडी दिसतात आणि वाटतं, सगळं ड्राय सोल्डर, म्हणजे न धरलेलं! तसं नसतं. शिसं असलेलं ६३/३७ सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला एकदम गोठतं आणि चकचकीत राहतं. ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं असलेलं मिश्रण २१७ ते २२० अंशांच्या पट्ट्यात टप्प्यानं गोठतं. त्यात कथिलाचे फांद्याफांद्यांचे स्फटिक आधी वाढतात आणि पृष्ठभाग दाणेदार होतो. चकाकी बघू नका, कड बघा. सोल्डर पॅडवर पसरत पातळ होत गेलेलं असेल तर ते धरलेलं आहे. अळवाच्या पानावरच्या थेंबासारखं गोल बसलं असेल तर नाही.

गेल्या महिन्यात एक बोर्ड कधी चालायचा, कधी नाही. मल्टिमीटरचा प्रोब टेकवला की सगळं ठीक. २० एक्सखाली आयसीच्या पायांवरून सावकाश सरकत गेलो. एका कडेचे सोळाही पाय चकचकीत, निर्दोष. पण अकराव्याच्या खाली सोल्डरचा उंचवटा आणि पाय यांच्यामध्ये काळी, केसासारखी बारीक फट होती, आणि पाय शेजाऱ्यांपेक्षा एवढासा वर. शिवणाच्या सुईनं त्याला बाजूनं हलकंच ढकललं. पाय हलला, सोल्डर हललं नाही. प्रोब इतके दिवस तोच पाय खाली दाबत होता.